आठवी ते दहावीच्या मुलांची नैराश्यासाठी चाचणी: शाळेच्या संमतीपत्रावर सही करावी का?

मुठाकाठ

मुलीच्या शाळेतून (सिंहगड रस्ता परिसर, नाव मुद्दाम देत नाही) एक संमतीपत्र आलंय. आठवी, नववी आणि दहावीच्या मुलांकडून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेणार आहेत, 'मानसिक आरोग्य तपासणी' म्हणून. शनिवारी, शेवटच्या तासाला, संगणक कक्षात. पालकांनी त्याआधी सही करून द्यायची. प्रश्न कोणते, उत्तरं कोण वाचणार, एखाद्या मुलाची उत्तरं काळजीची निघाली तर पुढे काय, यातलं काहीही त्या कागदावर नाही.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. काहींनी वाचायच्या आधीच सही केली. काही म्हणतायत, आमच्या मुलांना वेडं ठरवायला निघालेत. माझी मुलगी नववीत आहे. हसती-खेळती आहे असं मला वाटतं, पण या वयातली मुलं आपल्याला किती दिसू देतात हाही प्रश्न आहेच. मला तपासणी हवी आहे. फक्त ती नीट व्हावी. 'नीट' म्हणजे नक्की काय, शाळेला काय विचारायचं, हे इथले डॉक्टर, शिक्षक आणि समुपदेशक सांगू शकतील का?

बालवैद्य_कोथरूड

चांगला धागा. थोडं सविस्तर लिहितो.

नऊ प्रश्न म्हणजे बहुधा पीएचक्यू-९ (नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली) किंवा तिचं किशोरवयीनांसाठी केलेलं रूप असणार. मूळ प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. वापरायला मोफत आहे, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच प्रत्येक प्रश्न विचारतो. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, असे पर्याय असतात आणि त्यांना ० ते ३ गुण. एकूण २७. कशात रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा सतत चुळबुळ, हे आठ. नववा प्रश्न मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा. मोठ्यांसाठी साधारण १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट बोलायला हवं असं धरतात.

किशोरांच्या प्रश्नावलीत 'उदास' सोबत 'चिडचिड' हा शब्द जोडलेला असतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. या वयात नैराश्य पुष्कळदा रडवेल्या चेहऱ्याने येतच नाही. दार आपटणं, ताटावरून उठून जाणं, क्रिकेटची किट कोपऱ्यात पडून राहणं, रात्री दोनपर्यंत जागणं आणि सकाळी उठवत नाही म्हणून शाळा बुडवणं, अशा रूपात येतं. माझ्याकडे ही मुलं पोटदुखी आणि डोकेदुखी घेऊन येतात. सोनोग्राफी ठीक, रक्त ठीक, चष्म्याचा नंबर तोच. आई-बाबा म्हणतात, "डॉक्टर, वयच तसं आहे." पुष्कळदा ते खरंही असतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, आणि अभ्यास-मित्र-घर या सगळ्यावरच परिणाम होत असेल तर ते वयावर ढकलता येत नाही. हे ओळखायला नऊ साधे प्रश्न कामाला येतात, कारण मूल आपणहून बोलत नाही, पण कागदावर खूण करतं.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने (कुणाची कोणती तपासणी करावी हे सुचवणारा तज्ज्ञांचा गट) २०१६ मध्ये १२ ते १८ वयाच्या सगळ्याच मुलांची अशी चाचणी करावी अशी शिफारस केली आणि २०२२ मध्ये ती कायम ठेवली. ही शिफारस आपल्याकडे सगळे सांगतात, पण २०१६ च्या मजकुरातच असलेली अट सांगत नाहीत: अचूक निदान, परिणामकारक उपचार आणि पाठपुरावा यांची व्यवस्था असेल तिथेच चाचणी करा. तुमच्या संमतीपत्रात नेमकी तीच व्यवस्था दिसत नाही. म्हणून सही करा, पण आधी विचारा की उत्तरं त्याच दिवशी कोण वाचणार.

हडपसरकर

माझा स्पष्ट विरोध. मुलगा दहावीत आहे. दोन कारणं देतो.

मरणाचे विचार येतात का, हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला विचारायचंच कशाला? ज्याच्या डोक्यात नव्हतं त्याच्या डोक्यात आपणच घालायचं?

आणि संगणक कक्षात म्हणजे ऑनलाइन फॉर्म. तो कुणाच्या खात्यावर जमा होणार? उद्या शाळेत कोण कोण उघडून बघणार? शिक्षकांच्या खोलीत 'त्या पोराला डिप्रेशन आहे' अशी चर्चा सुरू झाली की ते पोर शाळेत तोंड दाखवू शकणार नाही. गावाकडे तर बहिणीच्या लग्नापर्यंत विषय जातो.

वर्गशिक्षिका

महापालिकेच्या शाळेत शिकवते. हडपसरकर, तुमचा दुसरा मुद्दा अगदी रास्त आहे. शिक्षकांच्या खोलीत काय होतं ते मी रोज बघते.

बालवैद्य_कोथरूड

पहिल्या मुद्द्यावर. ही भीती जगभरच्या पालकांना वाटते, म्हणून ती तपासून पाहिली गेली आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमध्ये निम्म्या मुलांना आत्महत्येच्या विचारांविषयी विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. नंतर दोन्ही गटांच्या मनावरचा ताण मोजला. विचारलेल्या गटात ताण वाढला नाही, नवे विचार आले नाहीत. ज्या मुलांना आधीपासून नैराश्य होतं, त्यांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटलं.

ओपीडीतला अनुभवही तोच आहे. "असं कधी वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?" हे शांतपणे, आई-बाबांना बाहेर बसवून विचारलं की ज्या मुलाच्या मनात काही नाही ते "नाही हो" म्हणून मोकळं होतं. ज्याच्या मनात आहे त्याचे खांदे खाली येतात. कुणीतरी विचारलं, याचीच ती सुटका असते.

नारायणपेठ

मी निवृत्त आहे, संख्याशास्त्र शिकवत असे. डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला थोडा हिशेब जोडतो, कारण पालकांनी आणि शाळेने तो आधी करायला हवा.

पीएचक्यू-९ च्या, किशोरवयीन मुलांवरच्या २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात ११ गुणांवर रेष आखली तर नैराश्य असलेली सुमारे ९० टक्के मुले सापडली आणि नसलेल्यांपैकी सुमारे ७८ टक्के बरोबर बाजूला राहिली. आता समजा, शाळेत १००० मुले आहेत आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. ५० पैकी ४५ सापडतील, ५ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी २२ टक्के, म्हणजे २०९ मुलांना नैराश्य नसूनही त्यांचे गुण रेषेच्या वर येतील. एकूण २५४ मुले 'वर' आणि त्यांत खरी ४५. म्हणजे रेषेच्या वर आलेल्या दर सहा मुलांत जेमतेम एक.

यातून दोन गोष्टी निघतात. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे कोणीही, शाळेनेही आणि आई-वडिलांनीही, समजू नये. आणि त्या २५४ मुलांशी कोणीतरी एकेकट्याने बोलायला हवे. एका समुपदेशकाने दिवसाला आठ मुले घेतली तरी महिन्याहून अधिक काळ जाईल. ज्या मुलाने नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिले आहे त्याची पाळी त्या महिन्यात शेवटी आली तर?

मुठाकाठ

नारायणपेठ सर, हा आकडा मी ग्रुपवर टाकते आहे. इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

निशिगंध_२०

मी कॉलेजला आहे, कर्वे रोडला. अकरावीत आमच्या कॉलेजने अशीच प्रश्नावली दिली होती. वर्गात, बाकावर, शेजारी मैत्रीण. सर फेऱ्या मारत होते आणि शेवटच्या बाकापासून कागद पुढे पाठवत गोळा केले. म्हणजे माझा कागद पंधरा जणींच्या हातातून गेला असता. मी सगळीकडे 'अजिबात नाही' वर खूण केली. माझ्या शेजारणीनेही तेच केलं. त्या काळात मला सकाळी क्लासला जायला अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि मला ते कुणाला तरी सांगायचंही होतं.

प्रश्नावलीबद्दल माझी काही तक्रार नाही. प्लीज शाळेला सांगा की मुलांना लांब लांब बसवा, कागद घडी घालून पेटीत टाकायला सांगा, आणि भरून घेणारी व्यक्ती मार्क देणारी नको. आणि सुरू करण्याआधी कुणीतरी दोन मिनिटं उभं राहून सांगावं की हे कशासाठी आहे आणि कोण वाचणार आहे. आम्हाला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

वर्गशिक्षिका

निशिगंध, तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. आता बरी आहेस ना?

निशिगंध_२०

हो मॅडम. घरी मावशीच्या लक्षात आलं, तिने डॉक्टरकडे नेलं. थेरपी झाली, आता छान आहे.

वर्गशिक्षिका

बरं वाटलं वाचून. आता शिक्षकांच्या बाजूने. माझ्या वर्गात साठच्या घरात मुलं आहेत. हजेरी, पोषण आहार, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यातून शिकवायला वेळ काढायचा. अशात 'शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण देऊ आणि तेच तपासणी करतील' असा प्रस्ताव अधूनमधून येतो. मला मुलांची काळजी नाही म्हणून नव्हे, तर काळजी आहे म्हणूनच सांगते: हे आमच्यावर टाकू नका.

बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत तेच काम शिक्षकांनी केलं, काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी. त्या समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, मुलांमधली नैराश्याची लक्षणंही कमी झाली. शिक्षकांनी केलेल्या शाळांत फरक पडला नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. ज्या बाईंनी सकाळी वही फेकली त्यांना मूल दुपारी मनातलं सांगणार नाही.

आम्ही करू शकतो ते वेगळं आहे. रोज पुढे बसणारा मुलगा मागे जाऊन बसला, डबा न खाता परत नेतोय, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट काढत नाही, हे आमच्याइतकं कुणाला दिसत नाही. ते दिसल्यावर कुणाला सांगायचं, ती व्यक्ती शाळेत असायला हवी.

पिंपळे_सौदागर

पण शाळेत समुपदेशक असणं आता बंधनकारक आहे ना?

लॉ_कॉलेज_रोड

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृहं अशा सगळ्यांना लागू होतात. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. गुणांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, हेही त्यात आहे. पुण्यातल्या क्लासवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावं असं.

हडपसरकरांच्या दुसऱ्या मुद्द्याला कायद्याचा आधारही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. 'मानसिक आरोग्य तपासणी करणार, सही करा' ही एका ओळीची संमती मला तरी पुरेशी वाटत नाही. माहिती कशासाठी, कुणाकडे, किती दिवस, हे लिहून द्यायला सांगा.

हडपसरकर

हे बरं झालं. मी आमच्या शाळेला हेच विचारणार. नवव्या प्रश्नाबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं वाचलं. पटतंय, पण मनाला अजून जड जातंय. बाप म्हणून लिहितोय.

समुपदेशन_खोली

मी शाळेत समुपदेशक आहे. हडपसरकर, जड जाणारच. आमच्याकडे कसं करतो ते सांगते, म्हणजे कदाचित थोडं सोपं जाईल.

आम्ही एका दिवशी एकच तुकडी घेतो, सकाळी पहिल्या तासाला. नारायणपेठ सरांच्या हिशेबाने साठ मुलांत साधारण पंधरा मुलं रेषेच्या वर येतात, आणि आम्हा दोघींना तेवढ्यांशी त्याच दिवशी बोलता येतं. कागद जमा झाले की आधी फक्त नववा प्रश्न बघायचा. बाकी गुण शून्य असले तरी नवव्याला 'काही दिवस' अशी जरी खूण असली तरी ते मूल त्याच दिवशी, मधल्या सुट्टीच्या आत, आमच्या खोलीत. सगळ्यांसमोर नाव पुकारून नाही. ग्रंथालयाच्या कामाला म्हणून, पाच-सहा मुलांसोबत बोलावतो.

बोलायला बसल्यावर पहिली गोष्ट गोपनीयतेची सीमा सांगणं. "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू." हे आधी न सांगता नंतर पालकांना फोन केला की ते मूल पुन्हा कुणावरच विश्वास ठेवत नाही. लैंगिक अत्याचाराबाबत तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

मग झोप, जेवण, मित्र, फोन, घरातलं वातावरण. बहुतेकांच्या बाबतीत काहीतरी ताजं कारण निघतं: भांडण, सहामाहीचे मार्क, आजी गेली. त्यांना पुन्हा पंधरा दिवसांनी भेटायचं सांगतो. काहींना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतो, कारण हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी थकवा आणि मरगळ येते. आणि काही मुलांना मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावंच लागतं.

पालकांना फोन करताना 'तुमच्या मुलाला डिप्रेशन आहे' असं वाक्य कधीच वापरत नाही. "त्याला गेले काही दिवस जड जातंय असं त्याने सांगितलं, आज घ्यायला येता का, बसून बोलू" एवढंच. धोका वाटला तर मूल एकटं घरी जात नाही. पालक येईपर्यंत कुणीतरी सोबत बसतं, आणि घरातली औषधं व धोकादायक वस्तू कुलपात ठेवायला सांगतो. त्या दिवशी रागावू नका, शपथा घालू नका, फोन हिसकावू नका, हेही सांगावं लागतं.

मुठाकाठ, तुमच्या शाळेच्या कागदात मला सगळ्यात खटकलं ते 'शनिवारी, शेवटच्या तासाला'. मूल कागदावर इतकी मोठी गोष्ट लिहील आणि घंटा होईल. कागद सोमवारपर्यंत कपाटात, किंवा संगणकात. अख्खा रविवार ते मूल 'कुणी वाचलं असेल का' या विचारात घरी. हे होऊ देऊ नका.

नारायणपेठ

वरील प्रतिसाद प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा.

पिंपळे_सौदागर

खर्चाचं काय? मनोविकारतज्ज्ञ आणि थेरपी दोन्ही परवडत नाही अनेकांना. औषधांचीही भीती वाटते.

बालवैद्य_कोथरूड

ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात, १० ते १९ वयासाठीच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली. तिथे समुपदेशन मोफत असतं. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत. मूल स्वतःही करू शकतं. मूल संकटात असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहेच.

औषध प्रत्येकाला लागत नाही. सौम्य त्रासात समुपदेशन, झोपेची घडी आणि व्यायाम यांनी पुष्कळ फरक पडतो. मध्यम आणि तीव्र नैराश्यात थेरपीसोबत औषधाचा विचार होतो. मुलांसाठी सर्वात जास्त अभ्यासलेलं औषध फ्लुओक्सेटिन आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेत २००४ पासून अशा औषधांवर ठळक इशारा छापतात. याचा अर्थ घाबरून बंद करा असा नाही. पहिले काही आठवडे डॉक्टरांना लवकर लवकर भेटा, आणि मनाने थांबवू नका.

मुठाकाठ

आज मुख्याध्यापकांना भेटून आले. आम्ही सहा पालक होतो. नारायणपेठ सरांचा हिशेब आणि समुपदेशन_खोली यांचा प्रतिसाद छापून नेला होता. त्यांनी शांतपणे वाचलं. शनिवार रद्द झाला. आता सोमवार ते गुरुवार, रोज एक तुकडी, सकाळी. कागदावर, संगणकावर नाही. शाळेत एकच समुपदेशक आहेत, दुसऱ्या बाहेरून येणार. कागद किती दिवस ठेवणार याचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही, 'संस्थेला विचारून सांगतो' म्हणाले.

मुलगा सातवीत, बारा पूर्ण आहे. त्यालाही घ्यावं का, हेही विचारायचं राहिलं.

बालवैद्य_कोथरूड

बारा पूर्ण असतील तर शिफारशीत बसतो. त्याहून लहान मुलांसाठी पुरेसा पुरावा नाही असं तीच टास्क फोर्स म्हणते. दहावीच्या तुकड्या मात्र सराव परीक्षेच्या आठवड्यात घेऊ नका. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांचे असतात, झोप आणि लक्ष सगळ्यांचंच बिघडलेलं असतं.

वर्गशिक्षिका

डॉक्टर, इथे थोडं वेगळं मत. दहावीच्या मुलांना सर्वात जास्त त्रास त्याच आठवड्यांत होतो. दिवाळीनंतर एकदा घ्या आणि परीक्षेच्या काळात समुपदेशकांची खोली रोज उघडी ठेवा.

बालवैद्य_कोथरूड

मान्य. हे जास्त चांगलं.

मुठाकाठ

सही केली. त्याखाली हाताने ही ओळ लिहून दिली आहे, कुणाला वापरायची असेल तर घ्या:

"माझ्या पाल्याची उत्तरे केवळ समुपदेशकांनी वाचावीत, शिक्षक व अन्य कर्मचाऱ्यांना दाखवू नयेत, नवव्या प्रश्नाला 'अजिबात नाही' याखेरीज कोणतेही उत्तर असल्यास त्याच दिवशी पाल्याशी बोलावे व मला कळवावे, कागद शैक्षणिक नोंदींसोबत ठेवू नयेत."

हडपसरकर

घेतो ही ओळ.

समुपदेशन_खोली

'त्याच दिवशी' नंतर 'शाळा सुटण्याआधी' घाला. आणि 'मला कळवावे' च्या आधी 'पाल्याला सांगून'.